पाम पिवळा पडतोय? आधी कुंडी आडवी करा

पावसाळा सरत आला की अरेका पामाच्या तक्रारी सुरू होतात. गावं बदलतात, प्रश्न तेच. यंदा आलेल्यांपैकी सहांना इथे उत्तरं देतो.

दिवाणखान्यातला सहा फुटी अरेका जुलैपासून पिवळा पडतोय. शेणखत घातलं, १९:१९:१९ हे रासायनिक खत दिलं, नर्सरीवाल्याचं टॉनिकही झालं. आता कुठलं खत देऊ? (डोंबिवली)

कुठलंही नको. पत्रात तीन खतांची नावं आहेत, पण पाणी किती घालता आणि कुंडीला भोक आहे का, याबद्दल एक अक्षर नाही. मला भीती नेमकी त्याचीच वाटते.

बहुतेक घरांत घडतं ते असं. नर्सरीतून आणलेली प्लॅस्टिकची कुंडी तशीच पांढऱ्या, बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत जाते. वरून माती कोरडी दिसते आणि तळाशी चार बोटं पाणी साचलेलं असतं. पावसाळ्यात ऊन नसतं, हवा दमट असते, रोप पाणी ओढत नाही. आपण मात्र मे महिन्याच्या सवयीने रोज तांब्याभर ओततो. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी खेचता येत नाही, म्हणून पान तहानलेलं दिसतं, म्हणून आपण आणखी ओततो. वर खत घातलं की उरल्यासुरल्या मुळांवर क्षारांचा मारा.

रविवारी सकाळी जुनी वर्तमानपत्रं पसरा, कुंडी आडवी करा आणि रोप गोळ्यासकट बाहेर काढा. आधी वास घ्या, गटारासारखा आला तर निम्मं निदान झालं. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. एखादं तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटली आणि आत नुसता दोरा उरला, तर ते मेलेलं. अशी मुळं स्वच्छ कात्रीने काढा. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्या, मोठी नको. लाल मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू मिसळा. खोड आधी होतं त्यापेक्षा खोल पुरू नका. एकदा भरपूर पाणी द्या, मग वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत हात आवरा. नवं पान धडपणे उघडेपर्यंत खत बंद.

आणि पिवळी पानं सरसकट कापू नका! पाम जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला पुरवतो. ती त्याची शिदोरी आहे. पूर्ण वाळलेलं तेवढंच काढा. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं व्हायचं नाही, सुधारणा नव्या पानावर मोजायची. टॉनिकच्या बाटलीवर घटकांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती परत करा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर रोप घेऊन जवळच्या कृषी महाविद्यालयाचा उद्यानविद्या विभाग गाठा. मला फोटो पाठवू नका, फोटोत मुळं दिसत नाहीत.

पानांची टोकं तपकिरी होतात. पाणी बोअरचं आहे. (वाघोली)

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. मातीवर पांढरी खपली दिसते का बघा, ते क्षार. महिन्यातून एकदा कुंडी बाहेर ठेवून तळातून धो धो वाहेपर्यंत साधं पाणी सोडा, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. एसीचा झोत अंगावर येत असेल तर जागा बदला. टोकं कापताना तपकिरी कडेची बारीक रेघ ठेवा, हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळतं. पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

मधला न उमललेला कोंब ओढला तर सहज हातात आला. खाली कुजकट वास आहे. आठवडाभर वाट पाहू का? (रत्नागिरी)

नाही. माडाचा शेंडा कुजतो ते तुमच्याकडे कुणाला समजावून सांगायला नको, हा त्यातलाच प्रकार वाटतो. पामाच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड गेलं. अरेकाच्या बेटातली बाकीची खोडं वाचू शकतात. कुंडी आजच माडाच्या रोपांपासून लांब न्या, शेंड्यावर पाणी ओतणं थांबवा आणि कुजका भाग पिशवीत बंद करून तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. बुरशीनाशक कुठलं, किती, ते त्यांनाच विचारा.

छताला टेकलाय. शेंडा छाटला तर खालून फुटेल का? (नाशिक)

नाही. खोड मरेल.

एका कुंडीत पंधरा-वीस बारीक खोडं आहेत आणि एकेक वाळतंय. रोग असेल का? बेडरूममध्ये ऑक्सिजनसाठी ठेवलाय. (ठाणे)

रोग असेलच असं नाही. गिऱ्हाइकाला कुंडी भरगच्च दिसावी म्हणून नर्सरीत बरीच रोपं एकत्र लावतात. दाटीत दुबळी मरतात. वाळलेली बुडाशी कापा, उपटू नका, शेजारच्यांची मुळं तुटतात. वाळणं थांबलं नाही तर मुळं दाखवून या.

ऑक्सिजनचं म्हणाल तर त्यासाठी ज्यांचा दाखला देतात ते नासाचे १९८९ चे प्रयोग छोट्या बंद पेट्यांतले होते, आणि ते हवेतल्या रसायनांबद्दल होते. तुमच्या खोलीला दारं-खिडक्या आहेत. त्या उघडा. अंधाऱ्या बेडरूममध्ये तो झुरेल, खिडकीजवळ ठेवा.

सायकस पाम पिवळा पडतोय. कुत्र्याने त्याच्या बिया चघळल्या, दोनदा ओकला, आता बरा आहे. झाडाला काय देऊ? (पुणे)

पत्र हातात पडलं त्याच दिवशी यांना फोन केला. सायकस हा पाम नव्हेच, आणि तो कुत्र्यांना विषारी आहे, बिया तर सर्वांत जास्त. उलट्या थांबल्या म्हणजे निभावलं असं नसतं, यकृतावरचा परिणाम दोन-तीन दिवसांनीही दिसतो. उरलेली बी सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जायचं. झाडाचं पुढच्या महिन्यात बघू.