‘औषध नव्हे, टॉनिक आहे’ म्हणून दिलेली बाटली कायद्यात बसते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू-आंब्याची बाग, खाली थोडी मिरची. मिरचीची फुलगळ थांबावी म्हणून दुकानदाराने अर्ध्या लिटरची बाटली दिली आणि वर सांगितलं, ‘हे औषध नव्हे, टॉनिक आहे, याला लायसन लागत नाही.’ बाटलीवर नोंदणी क्रमांक सापडत नाही. हे कायदेशीर आहे का, आणि फवारलं तर आपल्यावर काही शेकेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण काळजी त्याचीच दिसते. कीटकनाशक कायदा, १९६८ मधलं कलम ३८ असं सांगतं की, स्वतः कसत असलेल्या जमिनीत किंवा परसबागेत वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. तो पकडतो बनवणाऱ्याला, साठवणाऱ्याला, विकणाऱ्याला. म्हणजे मला. डिचोली तालुक्यात माझं बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे, त्यामुळे या विषयातलं माझं ज्ञान बरंचसं भीतीतून आलेलं आहे.

आता बाटलीकडे येऊ. ‘टॉनिक’ हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही. ‘ग्रोथ प्रमोटर’, ‘फ्लॉवर बूस्टर’, ‘पीजीपी’ (प्लांट ग्रोथ प्रमोटर) हेही नाहीत. हे शब्द काउंटरवर जन्मले आणि तिथेच मोठे झाले. खत सोडलं तर झाडाची वाढ बदलण्यासाठी विकली जाणारी वस्तू आपल्या देशात दोनपैकी एका दारातून यावी लागते, आणि कुठल्या दारातून आली ते बाटलीच्या पाठीवर दिसलं पाहिजे.

पहिलं दार संजीवकांचं, म्हणजे झाडाची वाढ आणि फुलोरा बदलणाऱ्या रसायनांचं. जिबरेलिक ॲसिड, एनएए, इथेफॉन, पॅक्लोब्युट्राझोल, क्लोरमेक्वाट, ट्रायकॉन्टॅनॉल ही सगळी मंडळी १९६८च्याच कायद्याच्या परिशिष्टात बसतात. यातलं काहीही किडा मारत नाही, तरी कायद्याच्या नजरेत ते कीटकनाशकच. फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे नोंदणी लागते, तीही अमुक तीव्रतेची, अमुक पिकावर, अमुक मात्रेत. विकणाऱ्याकडे औषधांचा परवाना हवा आणि त्यात त्या कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट (तिचा माल विकायचं अधिकारपत्र) चढवलेलं हवं. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, विषबाधा झाली तर काय करायचं ते, आणि कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. तो चौकोन नसेल तर ती बाटली या दारातून आलेली नाही, इतकं सोपं आहे.

दुसरं दार बायोस्टिम्युलंटचं, आणि ते अगदी अलीकडचं. समुद्रशेवाळाचा अर्क, ह्यूमिक आणि फुल्विक ॲसिड, अमिनो ॲसिड, जीवनसत्त्वं वगैरे माल वर्षानुवर्षं कुणाच्याच ताब्यात नव्हता. खत म्हणावं तर त्यात नत्र-स्फुरद-पालाश नाही, औषध म्हणावं तर कीड मरत नाही. २३ फेब्रुवारी २०२१ला केंद्राने खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती केली, कलम २०-सी घातलं, सहावी अनुसूची जोडली आणि व्याख्या दिली: झाडाच्या शरीरक्रियेला चालना देऊन अन्नग्रहण, वाढ, उत्पन्न, ताण सोसण्याची ताकद वाढवणारा पदार्थ किंवा सूक्ष्मजीव. त्याच वाक्याच्या शेवटी मेख आहे, ती अशी की १९६८च्या कायद्याखालची कीटकनाशकं आणि संजीवकं यात येत नाहीत. म्हणजे एका दारातला माल दुसऱ्या दाराने आणायचा नाही.

जुन्या मालाला तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विकायची सवलत होती. ती दोन वर्षांची म्हणता म्हणता वाढत गेली आणि १६ जून २०२५ला एकदाची संपली. त्यानंतर सहाव्या अनुसूचीत ज्याची घटकरचना, पीक आणि मात्रा राजपत्रात छापून आली आहे, तोच माल विकायचा. त्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जाहीरपणे सांगितलेले आकडे असे: देशात सुमारे ३०,००० उत्पादनं बेधडक विकली जात होती, त्याआधीच्या चार वर्षांतही ८,०००च्या आसपास होती, ती ६५०वर आली. युरियाच्या गोणीबरोबर अशी बाटली गळ्यात मारायची पद्धत बंद करा, असंही त्यांनी राज्यांना कळवलं. ती पद्धत आपल्याकडे नव्हती असं मी म्हणणार नाही. माझ्याही फळीवरचे दोन खोके तेव्हा परत गेले, आणि पैसे अजून यायचे आहेत.

मग सेंद्रिय? बाटलीवर हिरवं पान छापलं म्हणून कुठल्याच दारातून सुटका होत नाही. घरी शेणा-गुळाचं जीवामृत करून स्वतःच्या बागेत घातलंत तर कुणी विचारणार नाही. तेच बाटलीत भरून विकायला लागलात की विचारतील.

हा सगळा काथ्याकूट कशाला, असं वाटत असेल तर २०१७च्या पावसातली गोष्ट सांगतो. मोटरसायकलवरून एक विक्रेता आला. काळपट, उग्र वासाचं शेवाळाचं टॉनिक, छापील किंमत ६००, मला १८०ला, वर दहावर दोन फुकट. मी घेतलं. मये गावाकडच्या एका बायने मोरडावर (चढाच्या जमिनीवर) तवशी, म्हणजे काकडी, लावली होती, तिला मीच म्हटलं, मारून बघ. तीन आठवड्यांनी ती दुकानात आली आणि काउंटरवर हातभर लांब वेल ठेवला. ‘बाब, ही बघ तुझी शेती.’ दोन पेरांमधलं अंतर माझ्या वितीएवढं झालेलं, पानं फिकट, फुलं भरपूर. एकेक फूल उलटून पाहिलं. मादी फुलाच्या मागे काकडीची इवलीशी गाठ असते, ती एकाही फुलाला नव्हती. सगळी नर.

काकडीवर्गात जिबरेलिक ॲसिड असंच वागतं, पेरं लांबवतं आणि नर फुलं वाढवतं. इथेफॉन उलटं, मादी फुलं वाढवतं. त्या शेवाळात जिबरेलिक मिसळलेलं होतं असा माझा संशय आहे. तपासणी केली नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. बाटलीवरचा फोन बंद, पत्ता फक्त ‘विपणन’ करणाऱ्याचा, बनवणारा कोण ते नाहीच. बाटलीचे पैसे मी तिला परत दिले. तवशीचा हंगाम परत देता आला नाही. चवथीला माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला) बांधायची तवशी तिने बाजारातून विकत आणली, हे ती मला दर वर्षी आठवणीने सांगते.

अशी भेसळ करायला खर्च येत नाही, म्हणून ती होते. जिबरेलिक ॲसिडचं जे नोंदणीकृत द्रावण बाजारात आहे ते ०.००१ टक्क्याचं. हिशेब मांडा, १०० मिलिलिटरच्या बाटलीत अवघं १ मिलिग्रॅम. चिमूटभर भुकटीत किती बाटल्या निघतील ते बघा. याउलट बायोस्टिम्युलंटमध्ये कुठल्याही कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) वर असता कामा नये असा नियम आहे. ०.००१ टक्का म्हणजे १० पीपीएम, या मर्यादेच्या हजारपट. शेवाळात निसर्गतः थोडी संप्रेरकं असतातच, त्यामुळे गल्ली धूसर आहे हे खरं. पण चार दिवसांत डोळ्यांना दिसेल असा ‘रिझल्ट’ देणारं शेवाळ मी तरी संशयानेच हातात घेतो. गिऱ्हाइकाला मात्र तोच रिझल्ट हवा असतो, आणि इथेच आम्हा दुकानदारांचा पाय घसरतो.

तुमच्याकडे आंबा आहे म्हणून आणखी एक. पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला सगळे कल्टार म्हणतात, ते आंब्यासाठी नोंदलेलं आहे. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस झाडाच्या घेराच्या व्यासाप्रमाणे आहे: दर मीटरला मूळ घटक पाऊण ग्रॅम, पावसाळ्यात बुंध्याभोवतीच्या भोकांत. कायदेशीर आहे, काम करतं, आणि मानकुरादला भाव असताना मोह होणारच. पण ते जमिनीत टिकून राहतं. बाग फळावर देणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि दोन-तीन वर्षांसाठी झाडं घेणारा पुढच्या दहा वर्षांचा विचार का करेल? मात्रा वाढवत नेलेल्या झाडाचे शेंडे आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा दाटतो, झाड थकतं. कलम ३८ तुम्हाला खटल्यापासून वाचवेल, झाडाला वाचवणार नाही. बाग कुणाला देणार असाल तर कल्टार कोण घालणार, किती आणि त्याचं बिल कुणाकडे राहणार, हे करारात लिहून घ्या. आणि सेंद्रिय प्रमाणपत्राच्या गटात असाल तर हे असलं काहीच चालत नाही, ते वेगळं.

खटला नाही म्हणून बाजार सोडतो असंही नाही. २०१०मध्ये नाशिककडची द्राक्षं युरोपात अडकली ती कुठल्या जहाल विषामुळे नव्हे. क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला होता. शेंडा खुंटवायला शेतकरी ते वर्षानुवर्षं वापरत होते, तिथल्या प्रयोगशाळेने शोधलं आणि कंटेनर थांबले.

आता तुमच्या बाटलीचं काय करायचं. तिच्या पाठीवर चौकोन आणि नोंदणी क्रमांक असेल तर ते संजीवक. मग त्यावर मिरचीचं नाव आहे का ते बघा. फुलगळीसाठी मिरचीवर नोंदलेलं एनएए ४.५ टक्के सरळ मिळतं आणि स्वस्त आहे, त्यासाठी आडमार्गाने जायची गरज नाही. चौकोन नसेल तर ‘बायोस्टिम्युलंट’ हा शब्द, घटकांची टक्केवारी, पीक आणि मात्रा छापलेली हवी, आणि दुकानदाराकडे त्या कंपनीचा ओ-फॉर्म (माल कुणाकडून आला त्याचं प्रमाणपत्र) हवा. मागून बघा. ‘दाखवा’ म्हटल्यावर ज्याच्याकडे असेल तो फाइल काढतो, ज्याच्याकडे नसेल तो चहा मागवतो. दोन्हीपैकी काहीच छापलेलं नसेल, तर ती बाटली विकणंच बेकायदा आहे, मग आत अमृत का असेना.

बिल घेतलंत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बॅच नंबरसकट पक्कं बिल नसेल तर आजच जाऊन मागा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तक्रार वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा फोडलेली बाटली नमुना म्हणून उपयोगी पडत नाही. निरीक्षक दुकानातल्या सीलबंद मालातून नमुना घेतात. म्हणून माल फळीवर असेतो जा, संपल्यावर नको. पीक गेलंच असेल तर ग्राहक आयोग आहे, उत्तर गोव्याचा पर्वरीला. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात दिला आहे, त्याची वकिलाला आठवण करून द्यावी लागणार नाही.

एक मात्र बघून घ्या. मार्चच्या उन्हात दुपारी पाणी दिलं, किंवा नत्र जास्त झालं, तरी मिरचीची फुलं गळतात. माझ्याकडे फुलगळीचं औषध मागायला येणाऱ्या दहांपैकी सहांना मी आधी पाण्याची वेळ विचारतो. धंद्याला ते बरं नाही, बायको म्हणते.

बाटलीच्या पाठीचा अक्षरं वाचता येतील असा फोटो टाकलात तर पुढचं सांगता येईल. तोवर सील फोडू नका. सील तुटलेली बाटली परत घ्यायची वेळ आली की दुकानदार हात वर करतो. मीही केले असते.