तलावातली शिडाची सफर: तेच ते प्रश्न, एकदाची उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की छोट्या शिडाच्या बोटीतून चार-पाच दिवस तलाव फिरायचा प्लॅन घेऊन लोक विचारायला लागतात, आणि प्रश्न दरवेळी तेच. म्हणून सगळ्यांना एकत्रच.

सोळा फुटी उघडी बोट, दोघं जण, तीन रात्री. जमेल?

जमेल. माणसं, पाणी, तंबू सगळं धरून वजन बोटीच्या प्लेटवरच्या मर्यादेच्या बरंच आत ठेवा.

तलावात मोठ्या लाटा नसतात असं सगळेच म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

हे 'सगळे' कोण, ते मला एकदा भेटायचंय. समुद्रात लांब लाटेवर बोट चढते-उतरते, तलावात लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग येतात, बोटीचं नाक एकीतून वर येतंय तोवर दुसरी आत. वारा 10 नॉट्सचा (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किमी) 20 झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायच्या आधीच रीफ करून शिड लहान केलेलं हवं. कुठल्या टोकाला कधी खवळतं ते तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा.

शनिवार ते मंगळवार, 120 किमी, रोज 30. बुधवारी ऑफिस आहे. ठीक आहे ना?

अजिबात नाही. हा 30 चा आकडा आला कुठून, तर 120 ला 4 ने भागून, वाऱ्याला कोणी विचारलंच नाही! सामानाने भरलेली छोटी बोट दिवसभराची सरासरी 2-3 नॉट्स देते, म्हणजे ताशी साधारण 4 ते साडेपाच किमी, तेही वारा बाजूने किंवा मागून असेल तर. समोरून असेल तर टॅक मारत नागमोडी जावं लागतं, नकाशावरच्या 10 किमीला पाण्यात 15 च्या वर जातात. त्यात सकाळी वारा पडलेला, दुपारी एकदम चढलेला, आणि ढग गडगडले की त्या उंच डोलकाठीपासून लांब, काठावर थांबायचं, शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास.

पण मला खरी भीती त्या बुधवारची वाटते. मंगळवारी काठावर उभं राहून समोर पांढरं पाणी दिसत असतं, डोक्यात मीटिंग असते, आणि मग कोणीतरी म्हणतं 'एवढंच तर क्रॉस करायचंय'. एरवी शहाणी असलेली माणसं असल्या वाऱ्यात बोट काढतात ती ह्या एका वाक्यावर. तर रूट निम्मा करा, एक दिवस रिकामा ठेवा, आणि सुट्टी वाढू शकते हे बॉसला निघायच्या आधी सांगा. प्रत्येक मुक्कामाला दोन जागा शोधा, उलटसुलट दिशांच्या वाऱ्यांपासून आडोसा देणाऱ्या. बोट काठावर ओढून, बांधून रस्त्याने घरी जाता येईल अशी ठिकाणंही नकाशावर मार्क करा. वेळापत्रकाचा कागद काठावरच्या एका माणसाकडे द्या, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणत्या बचाव पथकाला कळवायचं ह्यासकट. आणि हा सगळा प्लॅन त्याच तलावावर फिरलेल्या कोणालातरी दाखवल्याशिवाय निघू नका.

आम्हा दोघांनाही नीट पोहता येत नाही. दुकानदार म्हणतो फुगणारं लाइफ जॅकेट घ्या, एकदम हलकं.

महाग आहे म्हणून म्हणतो. गॅसचा सिलिंडर एकदा वापरला गेला की नवीन बसवेपर्यंत ते आपोआप फुगत नाही, आणि पोहता न येणाऱ्याने तर फोमचंच घ्यावं. मापाचं हवं, ते ट्रेनरसमोर पाण्यात घालून बघा. सीटखाली ठेवलेलं जॅकेट असून नसल्यासारखं.

बोट उलटवून सरळ करायचा सराव पुढच्या वर्षी केला तर? कंपनीने 'न बुडणारी' लिहिलंय.

मग सफरही पुढच्या वर्षी. 'न बुडणारी' म्हणजे काठोकाठ पाणी भरून तरंगणारी. कित्येक बोटींत तेव्हा सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधोमधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) फटीतूनच पाणी वर येत राहतं, तुम्ही बादलीने उपसताय आणि खालून तेवढंच आत! सामानाच्या वजनाचे पाण्याचे कॅन बांधून काठाजवळ उलटवून बघा, दुसरी बोट आणि ट्रेनर सोबत असताना. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढे जेमतेम दहा मिनिटं हात कामाचे राहतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रात्री नांगराला किती दोरी सोडायची?

खोली अधिक पाण्यापासून बोटीच्या नाकाची उंची, गुणिले 7. म्हणजे 3 मीटर पाणी आणि अर्धा मीटर नाक असेल तर 25 मीटर. तळ चिखलाचा की दगडाचा, ते स्थानिकांना विचारा.

तंबू लावलेल्या बोटीत आत स्टोव्ह चालेल?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डोलकाठी पार्किंगमध्येच उभी करून ट्रेलर रॅम्पपर्यंत (बोट पाण्यात उतरवायच्या उतारापर्यंत) नेला तर?

आधी वर बघा. रस्त्यावरून विजेच्या तारा जात असतील तर काठी आडवीच न्यायची. तार किती उंच आहे ह्याचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका, रॅम्प सांभाळणाऱ्यांना विचारा.