युरोपीय संघाच्या सामाईक ऊर्जा धोरणात शेल वायूला भवितव्य आहे का?

तुमचा प्रश्न असा, की युरोपीय संघाचं ऊर्जा धोरण सामाईक आहे, मग सगळे देश मिळून शेल वायू, म्हणजे खोलवरच्या घट्ट शेल खडकात अडकलेला नैसर्गिक वायू, का काढत नाहीत, आणि पुढे तरी काढतील का? मला तशी शक्यता दिसत नाही.

धोरण सामाईक असलं तरी जमिनीखालचा साठा ज्याचा त्याचा आहे. 2009 मध्ये लागू झालेल्या लिस्बन तहातून संघाच्या मूळ करारात आलेलं कलम 194 वाचा. आपले साठे कसे वापरायचे, कोणतं इंधन निवडायचं, हा हक्क त्यात प्रत्येक देशाकडेच ठेवलाय. त्यामुळे फ्रान्सने 2011 मध्ये आणि बल्गेरियाने 2012 मध्ये फ्रॅकिंगवर, म्हणजे जोरदार दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं सोडून खडक फोडून हा वायू काढण्याच्या पद्धतीवर, बंदी घातली, त्याच काळात पोलंड मात्र शोधाचे परवाने देत होता. 2014 मध्ये युरोपीय आयोगाने किमान दक्षतेची तत्त्वं आखली, पण तीही नुसती शिफारस होती.

खरा धडा पोलंडचा. तिथलं सरकार तर उत्सुक होतं, रशियन वायूपासून सुटका हवी होती. 2011 च्या अमेरिकी सरकारी अंदाजात तिथे सुमारे 5300 अब्ज घनमीटर वायू होता. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूगर्भशास्त्र संस्थेने जुन्या विहिरींच्या नोंदी तपासून तो आकडा 346 ते 768 अब्जांवर आणला. मग सत्तरेक विहिरी खोदल्या गेल्या. खडक खूप खोल आणि चिकणमाती जास्त, त्यामुळे वायू परवडेल इतका वाहिलाच नाही. अमेरिकी तेल कंपन्यांपैकी एक्झॉनमोबिल 2012 मध्ये बाहेर पडली, शेव्हरॉन 2015 मध्ये. शिवाय अमेरिकेत खालचा वायू बऱ्याचदा जमीनमालकाचा असतो, युरोपात तो सरकारचा. म्हणजे शेजारी विहीर आली तर शेतकऱ्याच्या वाट्याला टँकरची वर्दळ तेवढी.

पोलंडची सुटका शेवटी झाली ती श्फिनोउयश्चे बंदरातल्या, जहाजाने आलेला द्रवरूप वायू उतरवणाऱ्या टर्मिनलमुळे आणि 2022 मध्ये सुरू झालेल्या, नॉर्वेचा वायू आणणाऱ्या बाल्टिक पाइपमुळे. दोन्हींना संघाचा पैसा मिळाला. सामाईक धोरणाचं बळ मला इथे दिसतं, विहिरीत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. घरात फ्रॅकिंग नको म्हणणारे देश अमेरिकेतून जो द्रवरूप वायू घेतात, त्यातला बराचसा शेलमधूनच निघतो. त्रास फक्त दुसऱ्याच्या अंगणात सरकवला. मिथेन हा नैसर्गिक वायूचा मुख्य घटक; संघाच्या 2024 च्या मिथेन नियमात आयात वायूच्या गळतीचाही हिशेब मागितलाय. तो नियम अजिबात सैल होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.