'कंट्रोलचा तांदूळ' : हा कंट्रोल कुठला?

प्रश्न असा आला आहे : "आमच्याकडे यवतमाळला रेशनच्या दुकानाला सगळे 'कंट्रोल' म्हणतात. मुंबईच्या मैत्रिणीला 'कंट्रोलवर साखर आली' हे वाक्यच कळलं नाही. लेकीच्या निबंधातही बाईंनी शब्द खोडून 'शिधावाटप दुकान' लिहिलं. कंट्रोल म्हणणं चूक आहे का? आणि दुकानाला हे नाव पडलं कसं?"

चूक कसली! दुसऱ्या महायुद्धानं आणून ठेवलेला हा शब्द आहे, आणि युद्ध संपलं तरी तो परत न्यायला कुणी आलं नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि त्याच महिन्यात जिनसांचे भाव बांधून द्यायचे अधिकार प्रांतांच्या सरकारांकडे आले. भाव बांधणं म्हणजे 'प्राइस कंट्रोल'. डिसेंबर १९४१ मध्ये गव्हाचा कमाल भाव ठरला, आणि व्हायचं तेच झालं : गहू बाजारातून दिसेनासा झाला. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, तसा ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. मुंबई नि कोकणपट्टी तर भात खाणारी. पुढच्या वर्षी कापडावरही कंट्रोल आला. बांधलेल्या भावानं माल ज्या दुकानात मिळे ते कंट्रोलचं दुकान, आणि बोलता बोलता 'दुकान' गळून नुसता 'कंट्रोल' उरला.

रेशन ही गोष्ट वेगळी. कंट्रोल असतो भावावर, रेशन असतं मापावर : माणशी इतकं, त्याहून जास्त नाही. शिपायाला रोज मिळणारा ठरावीक शिधा म्हणजे रेशन, हा मूळचा पलटणीतला शब्द. तो घराघरात शिरला तो मे १९४३ मध्ये मुंबईत कार्डावर धान्य सुरू झालं तेव्हा. त्याच वर्षी सरकारच्या अन्नधान्य समितीनं एक लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावं अशी शिफारस केली. म्हणजे डोई मोजून धान्य देण्याची पद्धत आधी शहरांची, आणि खेड्यापाड्यांत पोचला तो मुख्यतः बांधलेला भाव. म्हणूनच मुंबईकर 'रेशन' म्हणत राहिला आणि विदर्भातला माणूस 'कंट्रोल', असा माझा तर्क आहे. पलीकडे माळव्यातही 'कंट्रोल'च म्हणतात. मुंबईचं रेशनिंग खातं आजही वेगळं आहे. बाकी जिल्ह्यांत पुरवठा अधिकारी, तिथे मात्र 'नियंत्रक, शिधावाटप'. एकाच पाटीवर कंट्रोल आणि रेशन दोघंही, मराठी पोशाखात!

हा 'शिधा' मात्र मला फार आवडतो. शिधा म्हणजे कोरडा जिन्नस : तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, वर तुपाची वाटी. भिक्षुकाला किंवा आपल्या हातचं न खाणाऱ्या पाहुण्याला तो काढून द्यायचा, चूल त्यानं मांडायची. रेशन तरी दुसरं काय आहे? परिभाषा करणाऱ्यांनी इथे नेमका शब्द उचलला. तरी लोकांनी तो कागदावरच ठेवला होता. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ नि पामतेल देणारा 'आनंदाचा शिधा' निघाला, तेव्हा कुठे तो पुन्हा तोंडी आला.

युद्धानंतर कंट्रोल उठवायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. गांधीजींनी प्रार्थनासभांमधून कंट्रोलविरुद्ध बोलणं लावून धरलं आणि १९४७ च्या अखेरीस धान्यावरची बंधनं सैल झाली. भाव इतके भडकले की १९४८ मध्ये ती पुन्हा आवळावी लागली. शब्द तेवढ्यात विसरला जाणं शक्यच नव्हतं.

आमच्या आजीच्या तोंडी तर 'कंटोल' होता, मधला र गाळून. दुपारी हाक यायची, "कंटोलात राकेल आलं का बघून ये." निळं पिंप, त्यात बुडवलेला हातपंप, आपल्या डब्यावर धरलेलं नरसाळं आणि माप भरायच्या आत फेस दाखवून डबा पुढे सरकवणारा कंट्रोलवाला. त्याच्या मापावर कुणाचाच कंट्रोल नव्हता, पण तो झाला शब्दाचा दुसरा अर्थ. आजीला तो ठाऊकही नसावा. तिच्या लेखी कंटोल ही जागा होती : देऊळ, चावडी, कंटोल. शब्दाला 'वर', 'ला', 'चा', 'वाला' असे सगळे प्रत्यय लागतात, मूळ भाषेत नसलेला अर्थ त्याला चिकटतो, तेव्हा तो परका उरत नाही.

तेव्हा बाईंना सांगा, अर्जात 'शिधावाटप दुकान' लिहू, निबंधात मात्र कंट्रोल राहू द्या. आणि मैत्रिणीला विचारा, मुंबईत 'रेशनिंगचा तांदूळ' म्हणतात त्यातलं 'इंग' कशासाठी? तांदूळ काही क्रियापद नाही.