पद्मिनीला एलईडी लावायच्या आधी

भाऊ, जुनी प्रीमिअर पद्मिनी गाडी घेतली, लई चांगलं केलं. पण लगेच हेडलाइटला एलईडी बल्ब लावायच्या मागं लागू नका. आधी बल्ब काढून त्या भोकातून रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढं फेकणारी आतली चकचकीत वाटी, बघा. चांदी उडाली असेल तर कोणताही बल्ब टाका, उजेड पडायचा नाही.

मग मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, हाय बीम चालू, आणि व्होल्टेज बॅटरीवर नाही, बल्बच्या सॉकेटवर मोजा. माझ्या गाडीत बॅटरीवर 13.5 अन् सॉकेटवर जेमतेम 11! 60 वॉटचे दोन बल्ब मिळून 10 अँपिअर ओढतात, अन् ते सगळं त्या म्हाताऱ्या स्विचमधून जात होतं. रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारी डबी) आणि जाड वायर टाकली, तर साध्या एच-फोर (हाय-लो दोन्ही बीमचा बल्ब) हॅलोजनवरच मांजरसुंब्याचा घाट लख्ख दिसायला लागला.

तरीही एलईडीच पाहिजे? मग त्याची उजेड देणारी चिप बरोबर जुन्या बल्बच्या फिलामेंटच्या (तापणाऱ्या तारेच्या) जागी येईल असाच घ्या, नाहीतर उजेड विस्कटतो अन् समोरच्याचे डोळे दिपतात. एलईडी बल्बच्या मागच्या पंख्यावर हेडलाइटची रबरी टोपी कोंबू नका, बल्ब तापून मरतो. रात्री भिंतीसमोर गाडी लावून लो बीमची कड, म्हणजे भिंतीवर उजेड जिथं वर संपतो ती रेघ, जुळवा. रंग पिवळसर निवडा. पांढराफटक उजेड दुकानात भारी दिसतो, पावसात कामाचा नाही. उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत हे उरकून घ्या, त्यांना बऱ्याचदा मागं लाइट नसतोच.