रानातून निवांत चालताना अचानक एखादी जुनी आठवण उसळून वर आली, असं तुमच्या बाबतीत कधी घडलंय का?

हो. गेल्या वर्षी श्रावणात, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात.

एका स्नेह्यांच्या शेतावर मुक्कामाला होतो. पहाटे भुरभुर येऊन गेली होती. एकटाच बांधाबांधाने निघालो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, पायाला काळ्या रानाचा चिखल. पुढे पायवाट जरा उंचवट्यावर चढली. बाभळी, सीताफळं, गवतात लपलेले दगड. चपलेखालची माती बदलली हे आधी पायाला कळलं: काळी संपून पांढरी लागली होती. मग तिचा ओला वास आला आणि मी जागच्या जागी थांबलो. नुसता थांबलो नाही, मान कलती करून, श्वास धरून ऐकत राहिलो. किती वेळ, कोण जाणे.

आपल्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी. हा उंचवटा म्हणजे एक गाव होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा ते गेलं. आदली रात्र अनंत चतुर्दशीची. विसर्जन उरकून माणसं उशिरा निजली होती. सरकारी नोंदीत ७,९२८ मृत्यू आहेत. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यांतलं हे एक. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, सोलापूरला कॉलेजात. राष्ट्रीय सेवा योजनेची आम्ही काही मुलं दुसऱ्या दिवशी ट्रकने तिथे पोचलो. मनात एकच होतं: उकरायचं, माणसं बाहेर काढायची. पहिले दोन तास आम्ही नुसतं वेड्यासारखं उकरलं. पायाखाली गल्ली आहे की घर आहे हेच कळत नव्हतं. ज्यावर उभं राहून दगड उचलत होतो, ते कुणाचं तरी छप्पर होतं.

ती घरं कशी पडली हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती. दिसायला भक्कम, पण आतली आणि बाहेरची अशा दगडांच्या दोन रांगा आणि मध्ये माती नि चिपा. आरपार जाऊन दोन्हींना बांधणारा लांब दगड क्वचितच. हादरा बसला की भिंत उभी चिरते, एक रांग आत, एक बाहेर. वर माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर, आणि पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यात भर. ते सगळं निजलेल्या माणसांवर आलं. लाकडी खांबांवर पेललेली खणाची काही घरं मात्र भिंती ढासळूनही उभी राहिली होती. आदल्याच वर्षी तिथे लहानमोठे धक्के बसले होते, लोक काही दिवस बाहेर निजलेही होते. हे वाचलं की मला अजून बसवत नाही, उठून चालायला लागतो.

आम्हाला काम शिकवलं ते एका मुलाने. दहा-बारा वर्षांचा असेल. मांडवात निजला होता म्हणून वाचलेला. त्याने माझ्या सदऱ्याला धरून ओढत नेलं, एका लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि पावलं मोजत ढिगाऱ्यावर चढला. "हितं आई. हितं दोघी ताया. हितं जातं हाय, जात्याच्या अंगाला डोकं करून झोपत्यात." तेवढंच बोलला.

त्यानंतर आम्ही विचारल्याशिवाय एकही पाटी उचलली नाही. कोण कुठे निजायचं, दार कुठल्या तोंडाला, माजघर कुठे. शेजारणींना सगळं ठाऊक असायचं. पहार बाजूला ठेवून हातानेच दगड काढायचे, रांगेतून पाट्या मागे द्यायच्या, आणि मध्येच कुणीतरी "गप!" म्हटलं की सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबून कान द्यायचा. कण्हणं, खरवड, काहीही. पाऊस आला तेव्हा ती माती भिजून लोण्यासारखी झाली. तिचा तो वास.

आमच्या हाताला जिवंत माणूस एकही लागलं नाही. एक शेळी निघाली. जातं सापडलं, आणि मुलाने सांगितलं होतं तशाच, जात्याच्या अंगाला डोकं करून त्या तिघी. मी त्याचं नाव विचारलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही परतलो.

तर उंचवट्यावर मी तसा कान देऊन उभा असताना शेळ्या घेऊन एक आजी आल्या. "काय हरवलं का लेकरा?" मी सांगितलं, इथे त्या वेळी हुडकायला आलो होतो. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या घरात?"

मला सांगता येईना. गल्ली माहीत नाही, घर माहीत नाही. लिंबाचं झाड म्हणालो, जातं म्हणालो. त्या सीताफळांच्या मधून चालू लागल्या. सरळ नाही, थोडं जाऊन उजवीकडे, मग मोकळ्या जागेला वळसा घालून. "हितं आड हुता," मागे न बघता म्हणाल्या. एका बुंध्यापाशी थांबल्या. "लिंब म्हंजी सुताराच्या दारातला. सुतारीन आन दोन पोरी गेल्या. पोरगं ऱ्हायलं." नव्या गावात घरांना नंबर आहेत, तिथं मला अजून सांगता येत नाही कोण कुठं, असंही म्हणाल्या.

"ते पोरगं कुठे असतं आता?"

"कुटं म्हंजी? आलास ते रान त्याचंच की."

तो त्या दिवशी लातूरला गेला होता. आजींनी नातवाकडून त्याचा नंबर मिळवून दिला. आता वर्ष होईल. फोन लावलेला नाही. लावला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचत नाही.