शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतोय आणि नोकरी नाही. बँक मुदत वाढवून देते का?

देते, पण आपणहून नाही. मागावी लागते, आणि तीही पहिला हप्ता चुकायच्या आत.

तुम्ही लिहिलंय की इंजिनीअरिंग संपून वर्ष होत आलं, कंपनीने दिलेली ऑफर मागे घेतली आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, वडिलांची होडी हर्णैच्या किनाऱ्यावर ओढली की ऑगस्टपर्यंत घरात पैसा येत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांमध्ये कर्जविभागात नोकरी केली आहे, असे अर्ज बरेच हाताखालून गेलेत.

बहुतेक बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे शैक्षणिक कर्ज देतात. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच योजनेत असंही आहे की पुढे नोकरी नसेल किंवा पगार तुटपुंजा असेल, तर कर्जाच्या काळात दोन-तीनदा हप्ते थांबवता येतात. हा हक्क नव्हे, निर्णय बँकेचा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट सरसकट मुभा दिली होती, तशी काही येईल म्हणून थांबू नका.

अर्जात घरच्या हलाखीवर दीड पान लिहू नका. मॅनेजरला वर पाठवायला कागद लागतो. ऑफर रद्द झाल्याचा मेल, नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती, किती महिने हवेत आणि त्यानंतर हप्ता कुठून भरणार, एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. काउंटरवरचं ‘बघतो हो, काळजी करू नका’ खात्यात उतरत नाही. हप्त्याची तारीख खरंच पुढे गेली का ते पासबुकात बघा, नाहीतर ऑटो-डेबिट परत जातं आणि त्याचे पैसे वर लागतात.

आता खर्चाचं. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा कर्ज ६ लाख, दर १० टक्के, मुदत १० वर्षं. हप्ता साधारण ७,९०० रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर ३० हजार व्याज मुद्दलात चढतं, हप्ता चारशेच्या आसपास वाढतो आणि फेडून होईपर्यंत त्या ३० हजारांचे साडेसत्तेचाळीस हजार होतात. म्हणून मी म्हणेन, सवलत घ्या पण महिन्याचं पाच हजार व्याज जमेल तेवढं भरत राहा. मुदत १५ वर्षं करून मिळाली तर हप्ता साडेसहा हजारांच्या आत येतो. नोकरी लागली पण पगार कमी असेल तर मला हा मार्ग बरा वाटतो, व्याज एकूण जास्त जातं तरीही.

कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाची चौकशी करा. ते शिक्षणाचा काळ आणि पुढच्या एका वर्षापुरतंच असतं, वाढीव महिन्यांना नाही.

आणि वडिलांना हे सगळं सांगा. ते सहकर्जदार असणार. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा गुणांक, त्यांचंही बिघडतं. उद्या होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला गेले की तेच पुढे येईल. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. तिथेही तोच आवक शिक्क्याचा कागद जोडायचा.